फादर जॉर्ज लमेत्र: विश्वाच्या आरंभाचा हिशेब मांडणारे धर्मगुरू

स्नेहमेळाव्याच्या तयारीसाठी आपल्या बॅचचा ग्रुप पुन्हा जागा झाला तेव्हा जुन्या फोटोंच्या गर्दीत एका मैत्रिणीने एक प्रश्न टाकला होता. ती आता वसईजवळ राहते, दोन्ही मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवते. सकाळी गणित, मराठी, इंग्रजी. शनिवारी चर्चमधलं धर्मशिक्षण. मोठा मुलगा बारा वर्षांचा. त्याने तिला विचारलं की बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात सहा दिवस आहेत आणि खगोलशास्त्राच्या पुस्तकात जवळजवळ चौदा अब्ज वर्षं, तर मी परीक्षेत कुठलं लिहू आणि मनात कुठलं धरू? तिला वाटलं, आपल्यातली इंजिनिअर झालेली, शाळेच्या गच्चीवर ताऱ्यांचे नकाशे घेऊन बसणारी मुलगी काहीतरी सांगेल. म्हणजे मी.

तुम्हाला आठवत असेल, धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलं एका वर्गात जायची आणि आम्ही बाकीची पलीकडे मूल्यशिक्षणाला. त्यामुळे तिच्या मुलाला धर्मातलं उत्तर द्यायला मी योग्य नाही. पण हाच प्रश्न आयुष्यभर खिशात घेऊन फिरलेला एक माणूस मला माहीत होता. तो एकाच वेळी कॅथलिक धर्मगुरू होता आणि विश्व एका क्षणी सुरू झालं हे गणिताने मांडणारा पहिला शास्त्रज्ञही. तिला मी जे तुकड्यातुकड्यांनी लिहून पाठवलं तेच समितीच्या आग्रहावरून इथे एकत्र करून देते आहे.

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ चा, बेल्जियममधल्या शार्लरुआ या कोळशाच्या खाणींच्या आणि काचकारखान्यांच्या गावातला. वडिलांचा काचेचा कारखाना होता. तो आगीत गेला आणि कुटुंब ब्रुसेल्सला आलं, वडिलांनी बँकेत नोकरी धरली. मुलगा जेज्विट फादरांच्या शाळेत शिकला. धर्मगुरू व्हायचं आणि शास्त्रज्ञही व्हायचं, हे त्याने अगदी लहानपणीच मनाशी ठरवलं होतं. पण घरची परिस्थिती पाहता आधी पोटापाण्याचं शिक्षण घेणं भाग होतं, म्हणून लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात त्याने खाणकामाच्या इंजिनिअरिंगला नाव घातलं. आपल्या घरांतून ऐकू येणारंच हे वाक्य, फक्त देश वेगळा.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं. वीस वर्षांचा जॉर्ज आणि त्याचा धाकटा भाऊ दोघेही स्वयंसेवक म्हणून सैन्यात गेले. त्याच महिन्यात लूव्हेन विद्यापीठाचं ग्रंथालय जर्मनांनी जाळलं. जॉर्ज आधी पायदळात होता, मग तोफखान्यात. ईप्रजवळचा विषारी वायूचा हल्ला त्याने पाहिला. चार वर्षं खंदकांत काढली आणि त्या चिखलात वेळ मिळेल तेव्हा भौतिकशास्त्राची पुस्तकं वाचली. युद्ध संपलं तेव्हा त्याच्याकडे शौर्यपदक होतं आणि इंजिनिअर होण्याची इच्छा उरली नव्हती. विद्यापीठात परत येऊन त्याने गणित घेतलं, १९२० मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी सेमिनरीत दाखल झाला.

सेमिनरीतल्या त्या काळात, १९२१ च्या सुमाराला, त्याने एक निबंध लिहिला होता. उत्पत्तीच्या पुस्तकातली देवाची पहिली वचनं आणि आधुनिक भौतिकशास्त्र यांची जुळणी लावून दाखवायचा तो प्रयत्न होता. प्रकाश होवो म्हणजे भौतिकशास्त्रातला कुठला प्रकाश, अशा धर्तीचा. ही गोष्ट मी मैत्रिणीला मुद्दाम आधी सांगितली. तिच्या मुलाला जे करावंसं वाटत होतं तेच लमेत्र यांनीही तरुणपणी करून पाहिलं होतं, आणि ते पुढे तिथे थांबले नाहीत. आपल्याकडेही वेदांत विमान आणि पुराणात अणू शोधणारे कमी नाहीत, तेव्हा हा मोह काही एकाच धर्माचा नाही.

सेमिनरीतल्या वरिष्ठांनी त्यांना आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत अभ्यासायची मोकळीक दिली. २२ सप्टेंबर १९२३ ला कार्डिनल मर्सिए यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि लगेच, बेल्जियन सरकारच्या शिष्यवृत्तीवर, ते केंब्रिजला आर्थर एडिंग्टन यांच्याकडे गेले. सूर्यग्रहणाच्या वेळी ताऱ्यांचा प्रकाश वाकतो हे १९१९ च्या मोहिमेत तपासणारे ते हेच एडिंग्टन. ते क्वेकर पंथाचे, विद्यार्थी कॅथलिक फादर. पुढचं वर्ष अमेरिकेत, हार्वर्ड वेधशाळेत हार्लो शॅपली यांच्याकडे गेलं, आणि पीएचडीसाठी नाव एमआयटीत.

अमेरिकेतलं ते वर्ष निर्णायक ठरलं. आकाशात धुरकट ठिपक्यांसारखे दिसणारे काही तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरची स्वतंत्र ताराविश्वं आहेत, हे हबल यांच्या मोजमापांमुळे तेव्हाच स्पष्ट होत होतं. व्हेस्टो स्लायफर यांनी ॲरिझोनातल्या वेधशाळेत वर्षानुवर्षं चिकाटीने या तेजोमेघांच्या प्रकाशाचे वर्णपट घेतले होते आणि बहुतेकांचा प्रकाश तांबड्याकडे सरकलेला आढळला होता. फादर लमेत्र या दोघांनाही त्यांच्या वेधशाळांत जाऊन भेटले. इतर सिद्धांतवाले समीकरणांत रमले होते आणि वेध घेणारे दुर्बिणीपाशी. दोन्ही घरी उठबस असलेले हे एकटेच.

१९२५ मध्ये ते लूव्हेनला शिकवायला परतले आणि १९२७ मध्ये ब्रुसेल्सच्या एका विज्ञान संस्थेच्या फ्रेंच नियतकालिकात त्यांचा निबंध आला. बेल्जियमबाहेर ते नियतकालिक फारसं कोणी उघडत नसे. निबंधात दोन गोष्टी होत्या. एक, आइन्स्टाइनच्या समीकरणांतून निघणारं विश्व स्थिर नसून प्रसरण पावणारं असू शकतं. रशियाच्या फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये गणिताने हे दाखवलं होतं, पण लमेत्र यांना त्याची कल्पना नव्हती. दुसरी गोष्ट फ्रीडमन यांच्याकडे नव्हती. लमेत्र यांनी ४२ तेजोमेघांचे वेग आणि अंतरं घेतली, जो जितका दूर तो तितक्या वेगाने पळतो असं नातं मांडलं आणि त्याचा आकडाही काढला: दर मेगापार्सेक अंतरामागे सेकंदाला ६२५ किलोमीटर. हबल यांचा प्रसिद्ध निबंध दोन वर्षांनी आला, त्यात हा आकडा ५०० च्या आसपास होता.

मुलांना हे समजावायला मी नाताळचा केक वापरते. ओव्हनमध्ये केक फुगतो तेव्हा त्यातला कुठलाही मनुका स्वतः चालत नसतो. पीठच फुगतं. पण कुठल्याही मनुक्यावर बसून पाहिलं तर जवळचे मनुके हळू आणि लांबचे भराभर दूर जाताना दिसतील. केकला मधोमध असा मानाचा मनुका नसतो. एक दोष या उदाहरणात आहे: केकला कडा असते आणि बाहेर ओव्हन असतो, विश्वाचं तसं नाही. मैत्रिणीच्या धाकटीने तो दोष स्वतःच काढला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रुसेल्सला सॉल्व्हे परिषद भरली होती. लिओपोल्ड पार्कच्या वाटेवर चालता चालता आइन्स्टाइन यांनी या तरुण फादरला सांगितलं की तुमचं गणित ठीक आहे पण भौतिकशास्त्र अजिबात पटण्यासारखं नाही. फ्रीडमन यांचं काम त्यांच्याकडूनच लमेत्र यांना कळलं. आइन्स्टाइन यांनी तर विश्व स्थिर राहावं म्हणून समीकरणात विश्वस्थिरांक नावाचं एक पद मुद्दाम घातलं होतं. तेजोमेघांच्या वेगांची ताजी माहिती त्यांना नाही, हे लमेत्र यांच्या लक्षात आलं. पण जगातल्या सर्वांत मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाने नाकारलेला निबंध घेऊन एक तेहेतीस वर्षांचा प्राध्यापक करणार काय? ते परत येऊन शिकवत राहिले.

१९३० च्या सुरुवातीला लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत एडिंग्टन आणि डी सिटर या पेचावर बोलले. तो वृत्तांत वाचून लमेत्र यांनी आपल्या जुन्या गुरूंना पत्र लिहून आठवण दिली, की याचं उत्तर मी १९२७ मध्येच छापलं आहे. एडिंग्टन यांच्याकडे तो निबंध पोचला होता आणि ते विसरून गेले होते! मात्र चूक कळल्यावर त्यांनी ती जाहीरपणे भरून काढली. १९३१ मध्ये सोसायटीच्या मासिकात निबंधाचं इंग्रजी भाषांतर आलं.

आता गंमत अशी, की या भाषांतरात तो आकडा काढण्याचा भाग गाळलेला होता. त्यामुळे पुढची ऐंशी वर्षं शोधाचं श्रेय हबल यांच्या एकट्याच्या नावावर राहिलं, आणि कोणी कात्री लावली यावर कुजबुजही झाली. २०११ मध्ये मारिओ लिव्हिओ यांना सोसायटीच्या दप्तरात लमेत्र यांचं पत्र सापडलं. भाषांतर त्यांनी स्वतः केलं होतं आणि तो भाग त्यांनी स्वतःच काढला होता. हबल यांची नवी, चांगली मोजमापं आली असताना आपले जुने कच्चे आकडे पुन्हा छापण्यात त्यांना अर्थ वाटला नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडच्या प्रत्येक ओळीला कोणी कधी लिहिली याचं नाव चिकटवून ठेवतो. त्या सवयीमुळे मला हे वाचून पहिल्यांदा राग आला होता, त्यांचाच. आपल्या हक्काची ओळ असं कोणी पुसतं का? आता तेवढा येत नाही.

१९२७ च्या त्या विश्वाला आरंभ नव्हता, ते अनंत काळ स्थिर राहून मग फुगू लागतं. आरंभाची कल्पना आली ती ९ मे १९३१ च्या 'नेचर'मधल्या एका लहानशा टिपणात. एका पानाचाही मजकूर नव्हता. विश्वातली सगळी ऊर्जा मागे जाता जाता एकाच क्वांटममध्ये, एका आदिम अणूत सामावलेली असेल, आणि अवकाश व काळ हे शब्द त्याचं विभाजन सुरू झाल्यावरच अर्थपूर्ण होतील, असं त्यांनी सुचवलं. या टिपणाचा टंकलिखित मसुदा शिल्लक आहे. त्यात शेवटी एक परिच्छेद होता, देव हा मुळात लपलेला आहे आणि आजचं भौतिकशास्त्र सृष्टीच्या निर्मितीवर पडदाच ठेवतं याचा श्रद्धावंताला आनंद वाटावा, अशा आशयाचा. छापायला देण्यापूर्वी त्यांनी तो काट मारून खोडला. १९२१ चा निबंध लिहिणारा तरुण दहा वर्षांत इथवर आला होता.

पुढे १९३४ मध्ये त्यांना बेल्जियमचा मोठा फ्रँकी पुरस्कार मिळाला. शिफारस करणाऱ्यांत आइन्स्टाइन होते. पण दोघांचा एक वाद मिटला नाही. विश्व प्रसरण पावतं हे मान्य केल्यावर आइन्स्टाइन यांनी विश्वस्थिरांक टाकून दिला. लमेत्र यांनी तो सोडला नाही, आणि त्याला कारण होतं. ते कारण घरी वहीत करून पाहता येतं. एक मेगापार्सेक म्हणजे ३०९ वर १७ शून्यं इतके किलोमीटर. त्याला ६२५ ने भागलं की सेकंद मिळतात, त्यांची वर्षं केली की दीड अब्जाहून थोडी जास्त भरतात. म्हणजे विश्वाचं वय ढोबळमानाने तेवढं. पण किरणोत्सारावरून पृथ्वीवरच्या खडकांचं वय तेव्हाच याहून जास्त निघत होतं. आईपेक्षा लेक मोठी! विश्वस्थिरांक ठेवला तर विश्वाचं प्रसरण मध्ये रेंगाळू शकतं आणि वय वाढवून मिळतं, म्हणून लमेत्र तो राखून होते. रिकाम्या अवकाशाचीही ऊर्जा असते आणि स्थिरांक म्हणजे तीच, असंही त्यांनी १९३४ मध्ये लिहिलं. १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वेग घेतं आहे असं दिसलं आणि टाकून दिलेला तो स्थिरांक शास्त्रज्ञांना परत आणावा लागला.

सगळंच त्यांचं बरोबर आलं असं मात्र नाही. विश्वकिरण म्हणजे त्या आदिम स्फोटाचे अवशेष, अशी त्यांची समजूत होती. ती चुकली. पण त्या नादात मेक्सिकोच्या मॅन्युएल व्हायार्ता यांच्याबरोबर त्यांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कणांचे मार्ग कसे वळतात याचं प्रचंड गणित केलं, आणि ते अजूनही उपयोगी आहे. त्यासाठी एमआयटीतलं व्हॅनेव्हार बुश यांचं यांत्रिक गणकयंत्र वापरलं. आकडेमोडीचं हे वेड शेवटपर्यंत राहिलं. १९५८ मध्ये लूव्हेनमध्ये बरोज कंपनीचा ई-१०१ संगणक आला. त्याचा प्रोग्रॅम म्हणजे फळ्यांवरच्या भोकांत बसवायच्या पिना. चौसष्ट वर्षांचे मोन्सिन्योर तिथे बसून स्वतः पिना लावत. लहान मुलांना बेरीज-वजाबाकी सोपी जावी म्हणून त्यांनी अंकांची नवी चिन्हंही तयार केली होती. ती कोणी घेतली नाहीत, पण मैत्रिणीच्या मुलांना हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडली.

आता त्या मुलाच्या मूळ प्रश्नाकडे येते. २२ नोव्हेंबर १९५१ ला पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं. विश्वाला आरंभ आहे असं सांगणारं नवं विज्ञान हे प्रकाश होवो या आदिवचनाची जणू साक्षच देतं, असा त्याचा रोख होता. लमेत्र यांचं नाव घेतलं नव्हतं, पण सिद्धांत कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. लमेत्र १९३६ पासून त्या अकादमीचे सदस्य होते, आणि ते अस्वस्थ झाले. एक तर सिद्धांत अजून सिद्ध नव्हता. केंब्रिजचे हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी विश्व अनादी-अनंत आहे असा स्थिर-स्थितीचा पर्याय मांडला होता, आणि फादरांनी विज्ञानात बायबल घुसडलं असा संशय काहीजण घेतच होते. 'बिग बँग' हे नाव हॉईल यांनीच १९४९ मध्ये रेडिओवर उच्चारलेलं. उद्या वेध उलटे आले तर बायबलही खोटं ठरणार का? दुसरं म्हणजे, त्यांच्या मते देवाने विश्व निर्माण करणं आणि भौतिकशास्त्रातला पहिला क्षण या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिलीचा संबंध विश्व मुळात का आहे याच्याशी, दुसरीचा ते कसं बदलत गेलं याच्याशी. भौतिकशास्त्रातला आरंभ उद्या नाहीसा झाला तरी त्यांच्या श्रद्धेचं काही बिघडणार नव्हतं.

१९५२ च्या सप्टेंबरात रोममध्ये जगभरातले खगोलशास्त्रज्ञ जमणार होते आणि पोप पुन्हा बोलणार होते. लमेत्र आधीच रोमला गेले आणि व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर ओ'कॉनेल यांच्यामार्फत आपलं म्हणणं वरपर्यंत पोचवलं. दक्षिण आफ्रिकेला जाता जाता वाट वाकडी करून त्यांनी हे केलं. सप्टेंबरच्या भाषणात तो विषय आला नाही. धर्मगुरू आज्ञापालनाचं व्रत घेतात, हे लक्षात ठेवून ही भेट वाचायला हवी. गॅलिलिओला १६३३ मध्ये रोममध्ये काय सोसावं लागलं हे मुलांना सांगावं लागतंच, आणि सांगावंच. त्याच्या शेजारी १९५२ ची ही गोष्टही ठेवा, असं मी मैत्रिणीला लिहिलं.

योगायोग असा, की त्याच रोमच्या परिषदेत वॉल्टर बाडे यांनी जाहीर केलं की दीर्घिकांची अंतरं आपण निम्मीच मोजत होतो. म्हणजे विश्वाचं वय एका फटक्यात दुप्पट झालं. पुढे ते आणखी वाढत गेलं.

आपल्या मराठी वाचकांना या वादाची दुसरी बाजू जास्त जवळची आहे. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर हे हॉईल यांचे विद्यार्थी, आणि महास्फोटाविरुद्ध आयुष्यभर निष्ठेने लढले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे शिकलेले, म्हणजे लमेत्र यांचे गुरुबंधूच. शाळेच्या लायब्ररीतून नारळीकरांची पुस्तकं आपण पाळीपाळीने नेत होतो. मी तर कॉलेजात जाईपर्यंत महास्फोट चुकीचाच मानत होते, कारण नारळीकर सर म्हणतात म्हणून. हॉईल आणि लमेत्र यांची मैत्री मात्र चांगली होती. एकदा रोमच्या परिषदेनंतर हॉईल दांपत्याबरोबर फादरांनी इटलीतून मोटारीने प्रवास केला. एक नास्तिक, एक धर्मगुरू, विश्वाबद्दल दोघांचं मत उलटं.

१९६० मध्ये लमेत्र विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १९६४ मध्ये शिकवणं थांबलं, हृदयविकाराचा झटका आला, मग रक्ताचा कर्करोग. १९६५ मध्ये अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी सारखीच येणारी सूक्ष्मलहरींची खरखर सापडली. आरंभीच्या तप्त विश्वाचा खरा अवशेष हाच, विश्वकिरण नव्हे. लमेत्र यांचे जुने सहकारी ओडॉन गोदार यांनी ही बातमी त्यांना आजारपणात सांगितली. आता निदान पुरावा तरी आहे, याचं त्यांना समाधान वाटलं. २० जून १९६६ ला ते गेले.

२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या सदस्यांनी मतदान करून हबल यांच्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावं अशी शिफारस केली. शाळेच्या पुस्तकांत अजून जुनंच नाव दिसतं.

मैत्रिणीच्या मुलाने वहीत आधी ६२५ घालून भागाकार केला आणि मग आजचा आकडा, साधारण ७०. उत्तर चौदा अब्ज वर्षांच्या जवळ आलं. त्याने ते धर्मशिक्षणाच्या फादरांना दाखवलं, त्यांनी मिस्सा झाल्यावर थांबून पूर्ण पाहिलं आणि एक शून्य कमी पडलंय म्हणून परत दिलं. आता त्याला लमेत्र यांच्या त्या ४२ तेजोमेघांची यादी हवी आहे, त्यातला एखादा आपल्या गच्चीवरून दुर्बिणीने दिसतो का ते पाहायला. पावसाळा संपला की आमचं ठरलंय, आणि आपल्या बॅचमधलं कोणी येणार असेल तर कळवा.